टायरमन रस्ता, 5021

डेट्रॉईटच्या आसपास मराठी माणसं पुष्कळ. ट्रॉय, नोवी, कँटन, फार्मिंग्टन हिल्स या उपनगरांत दोन-दोन पिढ्या नांदताहेत. मोटारींच्या कंपन्यांत कुणी इंजिनाचं काम पाहतं, कुणी आता बॅटऱ्यांचं. माझा भाचा त्यांतलाच. त्याच्याकडे राहायला गेले तेव्हा पहिल्याच संध्याकाळी त्याने विचारलं, "मावशी, काय काय बघायचंय? नायगाराला जाऊन येऊ, शिकागोही फार लांब नाही." मी म्हटलं, मला डेट्रॉईट शहरच बघायचंय, आणि तेही एका पियानोवादकाच्या मागे मागे.

त्याने नाव विचारलं. टॉमी फ्लॅनगन. भाच्याने ते कधी ऐकलं नव्हतं. फ्लॅनगनच्या बाबतीत असंच होतं. जॅझची थोडीफार गोडी असलेल्या माणसाच्या कानावर त्याचा पियानो पडलेलाच असतो, नाव मात्र माहीत नसतं. सनी रॉलिन्सचं 'सॅक्सोफोन कलॉसस', जॉन कोल्ट्रेनचं 'जायंट स्टेप्स', वेस माँटगोमरीला एका झटक्यात प्रसिद्धी मिळवून देणारी 1960 ची ध्वनिमुद्रिका, या तिन्हींत पियानोवर तोच आहे. आणि गायिका एला फिट्झेराल्डच्या मागे तर तो दोन खेपा मिळून बारा-तेरा वर्षं बसला.

माझी त्याच्याशी ओळख एलामुळेच झाली. लहानपण गाण्याच्या बैठकींत गेलं की कानाला एक सवय लागते: गाणारा काय गातोय हे ऐकताना पेटीवाला काय करतोय तेही ऐकायचं. एला ऐकताना माझं लक्ष असंच पियानोकडे गेलं आणि तिथेच राहिलं. तो तिच्या वाटेत कधी येत नाही, पण तिला एकटीही पडू देत नाही. इतकं शहाणपण कुठून येतं, याचं कुतूहल मला बरीच वर्षं होतं. उत्तराचा मोठा भाग डेट्रॉईटमध्ये आहे असं त्याच्याबद्दल वाचताना वाटत गेलं, म्हणून शनिवारी सकाळी आम्ही नोवीहून निघालो.

आधी ईशान्येकडे, कोनंट गार्डन्सला. सेव्हन माईल रोड आणि नेवाडा या दोन रस्त्यांच्या मधली ही वस्ती. विटांची बैठी किंवा दीड मजली घरं, प्रत्येकासमोर गवताचा तुकडा, मागे गॅरेज. मधूनच एखादा प्लॉट मोकळा, घर पाडलेलं. डेट्रॉईटची लोकसंख्या 1950 साली साडेअठरा लाख होती, 2020 च्या शिरगणतीत ती 6 लाख 39 हजार भरली. हे मोकळे प्लॉट म्हणजे त्या आकड्यांमधला फरक. पण कोनंट गार्डन्स अजून बरंच उभं आहे. एका घरापुढे एक आजोबा गुलाबांची छाटणी करत होते. त्यांनी आमच्या गाडीकडे पाहून हात केला.

या वस्तीचं नाव शूबेल कोनंट या व्यापाऱ्यावरून पडलं. 1837 साली स्थापन झालेल्या डेट्रॉईटच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा तो पहिला अध्यक्ष. एकेकाळी त्याच्या मालकीच्या असलेल्या या जमिनीवर पुढे प्लॉट पडले, तेव्हा खरेदीखतांत 'फक्त गोऱ्यांना' अशी अट नव्हती. त्या काळी डेट्रॉईटमध्ये ही अट जागोजागी असे. फोर्डने 1914 साली दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली, दक्षिणेतून कृष्णवर्णीय कुटुंबं हजारोंनी या शहरात आली, पण घर घ्यायला गेलं की दारं बंद. बहुतेकांना शहराच्या पूर्वेकडच्या दाटीवाटीच्या भाड्याच्या खोल्यांत राहावं लागलं. कोनंट गार्डन्समध्ये मात्र शिक्षक, टपाल कर्मचारी, छोटे व्यावसायिक स्वतःची घरं बांधू शकले.

फ्लॅनगनचे वडील टपाल खात्यात पोस्टमन होते. आईवडील दोघंही मूळचे जॉर्जियाचे. 16 मार्च 1930 ला जन्मलेला टॉमी हा सहा भावंडांतला धाकटा. सहा वर्षांचा असताना नाताळची भेट म्हणून त्याला क्लॅरिनेट मिळाली. घरात पियानो होता, थोरला भाऊ जॉन्सन तो वाजवायचा, आणि धाकटा ते ऐकून ऐकून तसंच वाजवायला बघायचा. अकराव्या वर्षाच्या सुमाराला ग्लॅडिस डिलार्ड यांच्याकडे त्याचं रीतसर शिक्षण सुरू झालं. या बाईंनी डेट्रॉईटमधल्या मुलांच्या कितीतरी तुकड्या पियानोवर तयार केल्या. मोठ्या कलाकारांच्या चरित्रांत अशा शिक्षिकांना एखादं वाक्य मिळतं. मला त्यांच्याबद्दल एक अख्खं पुस्तक वाचायला आवडेल.

टॉमी पियानो शिकू लागला त्याच दिवसांत, फेब्रुवारी 1942 मध्ये, वस्तीला लागूनच दंगल झाली. युद्धसामग्रीच्या कारखान्यांतल्या कृष्णवर्णीय कामगारांसाठी सरकारने 'सोजर्नर ट्रूथ' नावाची वसाहत बांधली होती. पहिली कुटुंबं सामान घेऊन आली तेव्हा गोऱ्यांच्या जमावाने त्यांना अडवलं. मारामाऱ्या झाल्या, आणि अटक झाली ती बहुतेक कृष्णवर्णीयांनाच. शेवटी एप्रिलअखेर पोलिस आणि नॅशनल गार्डच्या बंदोबस्तात ती कुटुंबं राहायला गेली. ही वसाहत होऊ नये म्हणून सुरुवातीला कोनंट गार्डन्समधल्या काही सुस्थितीतल्या कृष्णवर्णीय घरमालकांनीही गोऱ्या शेजाऱ्यांच्या सुरात सूर मिसळला होता. हे वाचून मला वाईट वाटलं, पण आश्चर्य नाही. आपल्याकडेही नव्याने घर झालेला माणूस झोपडीवाल्याला शेजारी नको म्हणतोच.

"जे डिला इथलाच ना?" भाच्याने विचारलं. हिप-हॉप ऐकणाऱ्यांना हे नाव माहीत असतं. हो, तोही कोनंट गार्डन्सचाच, फ्लॅनगननंतर दोन पिढ्यांनी जन्मलेला. मग भाचा गाडी आणखी हळू चालवू लागला. आता त्यालाही बघायचं होतं.

तिथून वुडवर्ड ॲव्हेन्यू. डेट्रॉईटचा कणा म्हणावा असा हा रस्ता नदीपासून निघून थेट पाँटियॅकपर्यंत जातो. याच रस्त्यावर नॉर्दर्न हायस्कूलची भव्य इमारत आहे. शाळा 2007 साली बंद झाली, इमारतीत आता मुलींची शाळा भरते. फ्लॅनगन इथे शिकला. रोलंड हाना हा पुढे नावारूपाला आलेला पियानोवादकही इथलाच. हाना अभिजात पाश्चात्त्य संगीतात बुडालेला होता, फ्लॅनगनला ऐकून तो जॅझकडे वळला. शहराच्या मध्यात कॅस टेक नावाची दुसरी शाळा. पॉल चेंबर्स, डग वॉटकिन्स आणि रॉन कार्टर हे बासवादक, डोनल्ड बर्ड हा ट्रंपेटवादक, सगळे तिथले. सरकारी शाळांमध्ये वाद्यं होती, वाद्यवृंद होते, खमके संगीतशिक्षक होते. एका शहरातून एका पिढीत इतके कलाकार निघाले त्याला देवदत्त प्रतिभेइतकंच नगरपालिकेच्या तिजोरीतून जाणारं हे खर्चाचं कलमही कारण आहे.

दुसरं कारण बरंच पुढे, 1515 वुडवर्डला दिसतं. ही ग्रिनेल ब्रदर्सच्या पियानोच्या दुकानाची जुनी इमारत. दुकान कधीच गेलं, दर्शनी भाग राखलाय. ग्रिनेल पियानो हप्त्यावर द्यायचे. कारखान्यात नियमित पगार मिळवणारा कामगार हप्ते फेडू शकत होता, आणि शिकागो-न्यूयॉर्कच्या चाळवजा इमारतींच्या मानाने इथे स्वतंत्र घरं जास्त, म्हणजे पियानो ठेवायला बाहेरची खोली होती. त्या खोल्यांमध्ये शाळा भरायच्या. फ्लॅनगनहून काही महिन्यांनी मोठा असलेला बॅरी हॅरिस विशीत असतानाच आपल्या घरी मुलं गोळा करून शिकवायचा. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने वाजवलेली जागा कुणी पकडली की ती घरोघर पोहोचायची. कुणी कुणापासून काही लपवून ठेवत नसे, असं त्या पिढीतले बहुतेक सगळे सांगत आले आहेत.

वुडवर्डवरच ऑर्केस्ट्रा हॉल आहे. आता तिथे डेट्रॉईट सिम्फनी वाजते, पण 1941 ते 1951 या दहा वर्षांत त्याचं नाव पॅराडाईज थिएटर होतं आणि एलिंग्टन, बेसी, बिली हॉलिडे हे जॅझमधले बडे कलाकार तिथे येऊन गेले. त्याच्या पूर्वेला हेस्टिंग्ज स्ट्रीट, म्हणजे कृष्णवर्णीय डेट्रॉईटची बाजारपेठ. दुकानं, हॉटेलं, औषधांची दुकानं, क्लब. भाच्याने एका पुलावर गाडी कडेला घेतली आणि खाली बोट दाखवलं. खाली खोल खणलेला क्रायस्लर फ्रीवे होता. "हेच हेस्टिंग्ज." मोटारींनी ज्या लोकांना इथे आणलं त्यांची पेठ पुढे मोटारींच्याच रस्त्याखाली गेली. 1950 च्या दशकात नागरी सुधारणेच्या नावाखाली आसपासची ब्लॅक बॉटम ही वस्ती पाडली, नंतर फ्रीवेसाठी हेस्टिंग्ज. फार काळ थांबता येईना. मागून ट्रक येत होते.

मग पश्चिमेला, टायरमन रस्त्यावर. इथे यायचं म्हणूनच मी मुख्यतः निघाले होते.

5021, टायरमन. ब्लू बर्ड इन, एक जुना जॅझ क्लब. लहानशी इमारत, निळी दर्शनी भिंत, दार बंद. आजूबाजूला मोकळ्या जागा. कुणी सांगितलं नाही तर या दाराआड काय घडलं याची पुसटशीही कल्पना येऊ नये. डेट्रॉईट साउंड कन्झर्व्हन्सी या संस्थेने 2019 साली ही इमारत विकत घेतली, म्हणून ती वाचली.

हा रस्ता म्हणजे एकेकाळी सीमारेषा होती. टायरमनच्या दक्षिणेला कृष्णवर्णीयांनी राहायचं, उत्तरेला गोऱ्यांनी. 1944 साली ऑर्सेल आणि मिनी मॅकगी या जोडप्याने रेषेच्या उत्तरेला सीबाल्ट रस्त्यावर घर घेतलं. 'फक्त गोऱ्यांना' या अटीवर बोट ठेवून शेजाऱ्यांनी खटला भरला. मिशिगनच्या न्यायालयांनी शेजाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. मॅकगींच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात वकील थर्गुड मार्शल उभे राहिले, आणि 3 मे 1948 ला, सेंट लुईसच्या अशाच शेली खटल्याबरोबर, निकाल लागला की असे वंशभेदी करार न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत. ते घर ब्लू बर्डपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आम्ही चालतच गेलो. चारचौघांसारखं विटांचं घर, बाहेर सरकारी माहितीफलक.

त्याच 1948 च्या सुमाराला ब्लू बर्डमध्ये बीबॉप ही जॅझची नवी धाटणी वाजू लागली. न्यूयॉर्कच्या क्लबांत नाव झालेले कलाकार यायचे. इथलं गिऱ्हाईक मात्र शेजारपाजारचं, पुष्कळसं कारखान्यांतून पाळी संपवून आलेलं. क्लबचा स्वतःचा संच होता. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यात सॅक्सोफोनवर बिली मिचेल, ट्रंपेटवर थॅड जोन्स, ड्रम्सवर त्याचा भाऊ एल्विन, आणि पियानोवर फ्लॅनगन. आठवड्यामागून आठवडे तीच माणसं, तोच छोटासा मंच. आज थॅड नवी रचना घेऊन आला की ती आजच वाजवायची. या पत्त्यावरून थॅडने एका रचनेचं नावच ठेवलं: '50-21'.

फ्लॅनगन पंधरा-सोळाव्या वर्षापासून क्लबांत वाजवत होता. वय कमी म्हणून दोन सेटच्या मधल्या वेळात दारूच्या गुत्त्यात बसायची परवानगी नसे, मग तो आतल्या खोलीत जाऊन शाळेचा अभ्यास करी. 1951 मध्ये त्याला सक्तीच्या लष्करी भरतीत जावं लागलं. सैन्याने त्याला सिनेमाचं प्रोजेक्टर चालवायला शिकवलं आणि कोरियातल्या कुन्सानला पाठवलं. दोन वर्षांनी परतला तो पुन्हा ब्लू बर्डमध्ये. त्याच काळात ट्रंपेटवादक माईल्स डेव्हिस व्यसनातून बाहेर पडण्यासाठी काही महिने डेट्रॉईटमध्ये राहिला आणि याच मंचावर या संचाबरोबर वाजवत होता.

बंद दारापुढे उभी राहून मी विचार करत होते की साथीचं शिक्षण आणखी कुठे मिळालं असतं? एकल वादकाला खोली आणि आरसा पुरतो. साथीदाराला माणसं लागतात, आणि तीच ती माणसं रोज लागतात. एल्विनचा ड्रम आज एक ठोका उशिरा का पडला, बिली मिचेल कुठे दम घेतो, थॅडचा विचार कुठे वळणार, हे ओळखायला वर्षं घालवावी लागतात. आणि समोर बसलेलं गिऱ्हाईक जाणतं लागतं. कारखान्यात दिवसभर दुसऱ्याच्या कामाशी आपलं काम जुळवणाऱ्या माणसाला मंचावर कोण नुसतं मिरवतंय आणि कोण काम करतंय हे कळत असणारच.

1956 च्या सुरुवातीला फ्लॅनगन गिटारवादक केनी बरेलबरोबर न्यूयॉर्कला गेला. तिथे पाय टेकतो न टेकतो तोच कामं सुरू झाली. 16 मार्चला, म्हणजे सव्विसाव्या वाढदिवशी, माईल्स आणि रॉलिन्सबरोबर ध्वनिमुद्रण. जूनमध्ये 'सॅक्सोफोन कलॉसस'. जुलैत एलाबरोबर पहिल्यांदा, थोड्या दिवसांसाठी. पुढच्या वर्षी ट्राँबोनवादक जे. जे. जॉन्सनच्या संचातून युरोपात गेला असताना स्टॉकहोममध्ये त्याने स्वतःच्या नावाची पहिली ध्वनिमुद्रिका केली, 'ओव्हरसीज'. त्यात एल्विन जोन्स अथपासून इतिपर्यंत काड्यांऐवजी ब्रश घेऊन वाजवतो. डेट्रॉईटचे दोन मित्र परदेशात एकमेकांना ऐकताहेत, आणि वाजवण्याची धार तर अशी की ब्रशचा आवाज मऊ असतो हे विसरायला व्हावं.

टायरमनवरून पश्चिमेला जाऊन लिव्हर्नॉय रस्ता पकडला की सरळ उत्तरेला एट माईल रोड येतो, शहराची हद्द. त्या वाटेवर भाच्याने गाडीत 'जायंट स्टेप्स' लावलं. फ्लॅनगनबद्दल बोलताना हा विषय टाळता येत नाही, आणि मला टाळायचाही नव्हता.

1959 च्या मे महिन्यातलं हे ध्वनिमुद्रण. कोल्ट्रेनने या रचनेत सोळा मात्रागटांत सव्वीस स्वरसमूह बसवले आहेत, आणि ते एका सुरात न राहता तीन वेगवेगळ्या षड्जांवर सतत उड्या मारतात. मिनिटाला सुमारे 290 ठोके इतकी लय. कोल्ट्रेनने यावर महिनोन् महिने रियाज केला होता. ध्वनिमुद्रणाच्या थोडं आधी तो फ्लॅनगनच्या घरी येऊन स्वरसमूह दाखवून गेला. ते पाहून फ्लॅनगनला वाटलं की ही संथ रचना असणार. स्टुडिओत लय सुरू झाली तेव्हा कळलं. त्याआधीच्या एका सत्रात दुसरा एक चांगला पियानोवादक, सीडर वॉल्टन, याच रचनेसाठी बसला होता. त्याने पियानोचं एकल वादन केलंच नाही.

फ्लॅनगनने केलं. कोल्ट्रेनचा धबधबा थांबतो आणि पियानो सुरू होतो. पहिल्या काही ओळी ठीक जातात. मग बोटं अडखळतात, वाक्यं तुटतात, मधे रिकाम्या जागा पडतात, आणि शेवटी तो ओळी सोडून नुसते स्वरसमूह टाकत राहतो, कोल्ट्रेन परत येईपर्यंत. जॅझ शिकणाऱ्या मुलांना हा तुकडा 'बघा, कसा सापडला' म्हणून ऐकवतात. मला हे मुळीच पटत नाही. आम्ही तो तुकडा दोनदा ऐकला. दुसऱ्या वेळी मी भाच्याला म्हटलं, आता चुका मोजू नकोस, तो काय सांभाळतोय ते ऐक. मात्रा एकदाही सुटत नाही. रचनेचा साचा कुठेही मोडत नाही. एकल वादन हातातून निसटतंय हे कळल्या क्षणी तो साथीवर येतो, आणि कोल्ट्रेनला परत यायला जमीन जागच्या जागी असते. आपली शोभा जाऊ दिली, पण गाणं पडू दिलं नाही. 1982 साली, कोल्ट्रेन जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर, फ्लॅनगनने त्याच्या स्मरणार्थ याच नावाची ध्वनिमुद्रिका केली, बासवर जॉर्ज म्राझ आणि ड्रम्सवर अल फॉस्टर. त्यातलं 'जायंट स्टेप्स' ऐकताना एकही पाऊल चाचपडत पडत नाही.

एट माईल रोडच्या अलीकडे, लिव्हर्नॉयवरच, बेकर्स कीबोर्ड लाउंज आहे. 1934 पासून इथे जॅझ पियानो वाजतोय. जगातला सर्वांत जुना जॅझ क्लब आपलाच, असं बेकर्स म्हणतं. 99 माणसांची जागा, गुत्त्याचा कट्टा पियानोसारखा वळणदार, आणि त्याच्या कडेने पांढऱ्या-काळ्या पट्ट्या रंगवलेल्या. पियानोवादक आर्ट टेटम आयुष्याच्या शेवटच्या काळात, 1956 मध्ये, इथे वाजवून गेला. टेटम मूळचा तासाभराच्या अंतरावरच्या टोलेडोचा, आणि डेट्रॉईटच्या पियानोवादकांचं ते दैवत. फ्लॅनगनने पोरवयात त्याला रात्री उशिराच्या खासगी बैठकांत ऐकलं होतं. पण टेटमचा प्रपात त्याने अंगात येऊ दिला नाही. टेडी विल्सन, नॅट कोल आणि पाँटियॅकचा हँक जोन्स यांची निगुतीने ठेवलेली बोटं त्याला अधिक मानवली. हँक जोन्सही आधी एलाचा साथीदार होता, आणि रोलंड हाना सारा व्हॉनचा. मोठ्या गायिकांना एकाच शहराच्या आसपासचे पियानोवादक पुन्हा पुन्हा लागावेत हा मला योगायोग वाटत नाही.

आम्ही कॅटफिश आणि कॉलर्ड ग्रीन्स मागवलं. ग्रीन्सची चव आपल्या माठाच्या भाजीच्या जवळ जाणारी, फक्त धुरकट. मंचावर पियानो, बास, ड्रम्स आणि एक मध्यमवयीन गायिका. बेकर्समध्ये एक गोष्ट मला फार आवडली: पियानोच्या वर तिरका आरसा लावलाय, त्यामुळे वादकाचे हात कुठूनही दिसतात. मी गायिकेकडे कमी आणि आरशाकडेच जास्त पाहिलं.

गाणं संथ होतं. सुरुवातीला पियानोने चार मात्रागटांत तिला सूर दिला, लय दिली, आणि मूडही. ती गाऊ लागली तसा उजवा हात जवळजवळ थांबला. तिची चाल तो वाजवत नव्हता. चाल तिची होती. तिने लांब स्वर धरला की त्याखाली डावा हात एक स्वरसमूह बदलून दुसरा ठेवी, आणि तोच स्वर एकदम वेगळ्या उजेडात आल्यासारखा होई. ती श्वास घ्यायला थांबली की तेवढ्याच फटीत उजव्या हाताची तीन-चार सुरांची जागा, आणि तिने तोंड उघडायच्या आत हात पट्ट्यांवरून उचललेला. एकदा ती ओळ विसरली आणि पुढच्या कडव्यात शिरली. आरशात मला त्याची बोटं क्षणभर हवेत दिसली, मग ती तिच्यामागोमाग गेली. बाकी टेबलांवर कुणाला काही कळलं नाही.

फ्लॅनगनने हे एलासाठी 1963 ते 1965 आणि पुन्हा 1968 ते 1978 केलं, मधे थोडा काळ टोनी बेनेटसाठी. वर्षातले बहुतेक आठवडे प्रवास. एला कधी शब्द बदलायची, कधी मूळ गाणं सोडून नुसत्या अक्षरांत कुठल्या कुठे जायची. 1964 च्या उन्हाळ्यात दक्षिण फ्रान्समध्ये ज्युआँ-ले-पँला समुद्रकिनारी उघड्यावर कार्यक्रम होता. झाडांवरचे किडे किरकिरायला लागले, ते थांबेनात. एलाने तिथल्या तिथे त्या किड्यांवरच गाणं रचून म्हटलं आणि मागच्यांनी ते तिच्याबरोबर उचललं. ते ध्वनिमुद्रिकेत आहे, किड्यांसकट. ज्या गाण्याचा आधी कुणालाच पत्ता नाही त्याची साथ कशी करायची, हे कागदावर लिहून शिकवता येत नाही.

पहिला सेट संपला. भाच्याने विचारलं, "मग त्याने एलाला सोडलं कशासाठी?"

1978 मध्ये त्याला हृदयविकाराचा झटका आला. वय अठ्ठेचाळीस. सिगारेट सुटली, दारू कमी झाली, आणि तो अखंड प्रवासही संपला. त्यानंतरची तेवीस वर्षं त्याने मुख्यतः स्वतःचं त्रिकूट चालवलं, आणि तेव्हा कुठे जगाने त्याला पुढच्या खुर्चीत पाहिलं. 1993 ला डेन्मार्कचा जॅझपार पुरस्कार, 1996 ला अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीचा 'जॅझ मास्टर' सन्मान.

"आणि स्वतःचं काय वाजवायचा?"

स्वतःचं थोडं. 'एक्लिप्सो', 'फ्रेट ट्रेन', 'मायनर मिसहॅप' अशा मोजक्या रचना, पण इतर पियानोवादकही त्या आवडीने वाजवतात. बाकी सगळं इतरांचं, आणि ते निवडण्यात त्याची नजर दिसते. 1990 च्या ध्वनिमुद्रिकेचं नाव त्याने 'बियाँड द ब्लू बर्ड' ठेवलं, गिटारवर पुन्हा केनी बरेल, आणि त्यात थॅडची '50-21' घेतली. थॅड 1986 मध्येच गेला होता. 1993 ला आख्खी एक ध्वनिमुद्रिका थॅडच्याच रचनांची, 'लेट्स'. 16 मार्च 1997 ला, सदुसष्टाव्या वाढदिवशी, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हँगार्डमध्ये पीटर वॉशिंग्टन आणि लुईस नॅश यांच्याबरोबर झालेली मैफल ध्वनिमुद्रित झाली आहे, तिची सुरुवातही थॅडच्याच रचनेने होते. त्यानंतर साडेचार वर्षांनी, 16 नोव्हेंबर 2001 ला, फ्लॅनगन न्यूयॉर्कमध्ये वारला. त्रिकुटाचा म्होरक्या म्हणून कुठलीही रचना निवडायची मुभा असताना तो टायरमन रस्त्यावर शेजारी उभं राहून वाजवणाऱ्या मित्राच्याच रचना लोकांपुढे ठेवत राहिला. थॅड जोन्स हा रचनाकार म्हणून किती मोठा होता हे पुष्कळांना कळलं ते फ्लॅनगनच्या पियानोवरून.

एवढ्यात दुसऱ्या सेटसाठी दिवे मंद झाले. या वेळी गायिका नव्हती, नुसतं त्रिकूट. भाच्याने आपली खुर्ची उचलली आणि आरसा नीट दिसेल अशी फिरवून लावली.